पाळण्यांतले पाय आणि मैदानावरची पैसेवारी

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात, अशी एक म्हण मराठींत रूढ आहे. म्हण गोड आहे, आणि आईबापांच्या मनास ती लौकर पटते. परंतु म्हण करणाऱ्यानें एक गोष्ट सांगितली नाहीं. पाय पाळण्यांत दिसतात खरे. पण ते कोणास दिसतात, किती स्पष्ट दिसतात, आणि ज्यांचे दिसले असें वाटलें त्यांपैकीं किती जण पुढें खरोखर धांवले, याचा हिशेब म्हणींत नाहीं. खेळाच्या मैदानावर आज याच हिशेबाला पैशाचें, शिक्षणाचें आणि कोवळ्या मनाचें मोल आलें आहे. म्हणून तो थोडा सावकाशीनें पाहणें अगत्याचें आहे.

वाशीम जिल्ह्यांतील अनसिंग हें वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें मोठें गांव. भोंवतालीं काळी जमीन आणि तींत सोयाबीन, तूर, कापूस. उभ्या पिकाचा अंदाज करण्यास येथल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. श्रावणांत सोयाबीन हातभर उंच झालें, पाला गर्द दिसूं लागला, म्हणजे नवखा मनुष्य हरखून जातो. जाणता शेतकरी मात्र खालीं वांकतो, झाड बाजूला करून शेंगा मोजतो, शेंग दाबून दाणा भरतो आहे कीं नाहीं हें पाहतो, आणि पाला उदंड पण शेंगा विरळ असल्या तर 'पीक माजलें' एवढेंच म्हणून पुढें चालूं लागतो. सरकारसुद्धां पिकाची पैसेवारी, जिला जुने लोक आणेवारी म्हणत, एकदांच काढून स्वस्थ बसत नाहीं. विदर्भांत सप्टेंबरअखेर नजरअंदाज पैसेवारी, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरअखेर अंतिम, अशा तिच्या तीन पायऱ्या आहेत. चार महिन्यांच्या सोयाबीनला जर तीन वेळां पाहावें लागतें, तर बारा वर्षांनीं पिकणाऱ्या खेळाडूला एकदां पाहून निकाल कसा द्यावा?

तरी व्यवहारांत तो दिला जातो. अशा गांवांतला एखादा तेरा वर्षांचा मुलगा शाळेच्या मैदानावर टेनिसच्या चेंडूवर षट्कारामागून षट्कार मारतो. तालुक्याच्या सामन्यांत त्याचें नांव होतें. पारावर बसलेलीं माणसें बापाला सांगूं लागतात कीं, याला येथें ठेवूं नका, नागपूरला घाला. बापाच्या डोळ्यांसमोर दूरदर्शनच्या पडद्यावरचे लिलाव असतात. मग एका हंगामाचें सोयाबीन विकून आलेली रक्कम शिकवणीच्या शुल्कांत जाते. आई गांवचें घर बंद करून शहरांत भाड्याच्या खोलींत राहावयास जाते. धाकट्या बहिणीचें शिक्षण 'पुढच्या वर्षीं पाहूं' या सदरांत पडतें. आणि मुलाच्या खांद्यावर, बॅटच्या पिशवीबरोबर, सबंध घराचें ऋण येऊन बसतें. तो अठरा वर्षांचा होऊन रिकाम्या हातीं परत आला, तर त्याला कोणत्या तोंडानें गांवांत शिरावें हें ठाऊक नसतें. म्हणजे हा अंदाज चुकला तर नुसतें भाकीत चुकत नाहीं. एका घराची घडी विसकटते.

अंदाज चुकतो कोठें, हें पाहण्यास महाराष्ट्राबाहेर जाण्याचें कारण नाहीं. सन २०१६ च्या जानेवारी महिन्यांत कल्याण येथें शालेय क्रिकेटचा एक सामना झाला. त्यांत के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलानें नाबाद १००९ धांवा केल्या. रिक्षा चालविणाऱ्या बापाच्या या मुलाचें नांव एका रात्रींत जगभर झालें. कारण सन १८९९ मध्यें इंग्लंडांतील क्लिफ्टन कॉलेजांत ए. ई. जे. कॉलिन्स या मुलानें काढलेल्या नाबाद ६२८ धांवांचा उच्चांक एकशेंसोळा वर्षें टिकून होता, तो त्यानें मोडला. चार आंकडी धांवसंख्या त्यापूर्वीं कोणत्याहि नोंदलेल्या सामन्यांत कोणी केली नव्हती. सत्कार झाले, शिष्यवृत्ती मिळाली, आणि दुसऱ्याच दिवसापासून लोक त्याच्यांत भारताचा पुढचा महान् फलंदाज पाहूं लागले.

त्या खेळीचें कौतुक करावें तितकें थोडें. इतका वेळ उन्हांत उभें राहणें, थकवा विसरणें, पुन्हा पुन्हा तोच फटका तितक्याच नेटानें मारणें, हे सामान्य गुण नव्हेत. परंतु अंदाज करणाऱ्यानें धांवफलकाची दुसरी बाजूहि वाचावयास हवी होती. धनावडेच्या संघानें तीन गडी बाद १४६५ धांवांवर डाव सोडला. समोरच्या संघाचे दोन डाव अनुक्रमें ३१ आणि ५२ धांवांत आटोपले. याचा अर्थ असा कीं, दोन्ही बाजूंच्या मुलांच्या तयारींत जमीनअस्मानाचें अंतर होतें. अशा सामन्यांतला आंकडा मुलाच्या सहनशीलतेविषयीं बरेंच सांगतो; पण वेगवान् चेंडू छातीवर आला असतां त्याचे पाय कोठें जातील, याविषयीं कांहींच सांगत नाहीं. पुढील वर्षांत मोठ्या सामन्यांचीं दारें त्याला सहज उघडलीं नाहींत. यांत त्या मुलाचा कोणताहि दोष नव्हता. त्यानें समोर आलेला चेंडू खेळला. त्या एका डावावर सबंध आयुष्याचें भाकीत रचलें तें इतरांनीं. कॉलिन्सचीहि गोष्ट निराळी नाहीं. तो पुढें सैन्यांत गेला, पहिल्या प्रतीच्या क्रिकेटमध्यें कधीं खेळला नाहीं, आणि सन १९१४ मध्यें पहिल्या महायुद्धांत ईप्रच्या रणभूमीवर कामास आला. मराठींत बाळसें आणि सूज यांमध्यें भेद करण्याची रीत आहे. दोहोंनींहि गाल भरलेले दिसतात. पण एक अन्नानें आलेलें असतें आणि दुसरी कारणानें.

तथापि प्रत्येक मोठा आंकडा फसवाच असतो, असेंहि नाहीं. सन १९८८ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यांत शारदाश्रम विद्यामंदिराचे दोन विद्यार्थी सेंट झेवियर्सविरुद्ध खेळत होते. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९. दोघांची अभंग भागी ६६४ धांवांची. तंबूंत त्याच शाळेचा तिसरा एक मुलगा पायांना पॅड बांधून आपली पाळी येण्याची वाट पाहत बसला होता. ती पाळी आलीच नाहीं. त्याचें नांव अमोल मुझुमदार. एकच शाळा, रमाकांत आचरेकर हे एकच गुरु, तेंच मैदान आणि तोच सामना. भविष्य सांगणाऱ्यास याहून सारखी परिस्थिति कोठें मिळावी?

पण तिघांच्या वाटा तीन दिशांना गेल्या. तेंडुलकर पावणेदोन वर्षांत, वयाच्या सोळाव्या वर्षीं, कराचीस पहिला कसोटी सामना खेळले आणि दोनशें कसोटी सामन्यांनंतरच त्यांनीं बॅट खालीं ठेविली. कांबळी यांनीं सन १९९३ मध्यें लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतकें काढलीं. सतरा कसोटींत त्यांची सरासरी चोपन्नावर होती. तरी वयाच्या चोविसाव्या वर्षाआधींच त्यांचें कसोटी क्रिकेट संपलें. मुझुमदार यांनीं मुंबईतर्फे रणजी सामन्यांतील पदार्पणांत हरियाणाविरुद्ध २६० धांवा केल्या. पदार्पणांतील त्या काळचा तो जगांतला उच्चांक होता. पुढें पहिल्या प्रतीच्या सामन्यांत अकरा हजारांहून अधिक धांवा केल्या. परंतु भारतासाठीं एकहि सामना त्यांच्या नशिबीं आला नाहीं. कारण मधल्या फळींत ज्या जागा होत्या, त्या त्यांच्याच पिढींतील थोर फलंदाजांनीं दीर्घकाळ धरून ठेविल्या होत्या. पण गोष्ट येथेंहि संपत नाहीं. दिनांक २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईच्या मैदानावर भारतीय महिला संघानें दक्षिण आफ्रिकेस हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हां त्या संघाचे प्रशिक्षक अमोल मुझुमदारच होते. सन १९८८ च्या त्या दिवशीं कोणत्या पारख्यानें हें सांगितलें असतें?

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, कौशल्य हा भाकिताचा एकच घटक आहे. स्वभाव, प्रकृति, दुखापत, आणि वर मोकळी असलेली जागा हे दुसरे चार. दुसरी, 'यशस्वी' या शब्दाचा अर्थ चौदाव्या वर्षीं ठरवून टाकणें हीच मोठी घाई आहे.

या भाकिताचें साक्षात् शास्त्र करण्याचा प्रयत्न जर कोठें झाला असेल, तर तो थंड देशांतील बर्फावरच्या हॉकींत. कानडा देशांत हा खेळ आपल्याकडील क्रिकेटसारखाच घरोघरचा. तेथील आणि अमेरिकेंतील बत्तीस व्यावसायिक संघांचा मिळून एक संघ-समूह आहे, त्यास नॅशनल हॉकी लीग म्हणतात. दरवर्षीं त्यांचा एक निवडमेळा भरतो. अठरा वर्षांचीं मुलें त्यांत पात्र होतात, आणि सात फेऱ्यांत संघ पाळीपाळीनें एकेकाचें नांव पुकारून घेतात. या मेळ्यासाठीं प्रत्येक संघाचे पगारी पारखी वर्षभर गांवोगांव हिंडतात, मुलांचें बर्फावरील धांवणें, चकतीवरील ताबा, धक्का सोसण्याची ताकद, हें सारें टिपून ठेवितात.

इतकें करून अंदाज बरोबर येतो काय? सन १९९३ मध्यें ओटावाच्या संघानें आलेक्सांद्र देग नांवाच्या मुलाला सर्वांत आधीं पुकारलें आणि मोठ्या रकमेचा करार करून दिला. त्याच्याकडून ज्या पराक्रमाची अपेक्षा होती तो त्याच्या हातून झाला नाहीं. त्याच दिवशीं दुसऱ्या क्रमांकानें घेतलेला क्रिस प्राँगर मात्र पुढें या खेळाच्या कीर्तिमंदिरांत जाऊन बसला. याच्या उलट सन १९९८ मध्यें पावेल दात्स्युक हा रशियन मुलगा १७१ व्या क्रमांकावर घेतला गेला. आधींच्या मेळ्यांत त्याला कोणीच विचारलें नव्हतें. अंगानें तो लहानखुरा होता. पुढें त्यानें दोन वेळां स्टॅन्ली चषक जिंकणाऱ्या संघांत खेळून सन २०२४ मध्यें तेंच कीर्तिमंदिर गांठलें. मार्तें सें लुई याला तर कोणत्याहि मेळ्यांत कोणी पुकारलेंच नाहीं, कारण त्याची उंची कमी. तो सन २००४ मध्यें त्या संघ-समूहाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

अशा ठेचा खाऊन तेथील जाणत्यांनीं कांहीं नियम बसविले. त्यांतला पहिला नियम आंकड्याचें भाषांतर करण्याचा. सगळीकडचा गोल सारख्या किंमतीचा नसतो. मग ज्या खेळाडूंनीं खालच्या पायरीवर खेळून नंतर वरच्या पायरीवर खेळ केला, त्यांचे दोन्हीकडचे आंकडे समोरासमोर ठेवितात आणि खालच्या पायरीवरील शंभर गुण वर किती उरतात हें काढतात. कोठें चाळीस उरतात, कोठें वीस, कोठें दहा. त्या प्रमाणानें नव्या मुलाचा आंकडा कमी करून मग तो तोलतात. हाच हिशेब अनसिंगच्या मैदानासहि लावतां येण्यासारखा आहे. समजा, एखाद्या मुलाची तालुक्याच्या सामन्यांतील सरासरी ऐंशी आहे. तर विचारावयाचा प्रश्न असा कीं, याच सामन्यांत खेळून पूर्वीं जिल्ह्याच्या संघांत जे गेले, त्यांची येथील सरासरी किती होती आणि तेथें किती झाली? जर त्यांच्या साठांचे तेथें पंधरा उरले असतील, तर या ऐंशींचे वीस धरून बोलावें. हा आंकडा निराशेचा नव्हे, खरा आहे. आणि खऱ्या आंकड्यावर उभें राहून पुढें चढतां येतें.

दुसरा नियम वयाचा. सन १९८५ मध्यें रॉजर बार्न्सली या कानडाच्या मानसशास्त्रज्ञानें आपल्या सहकाऱ्यांसह एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली. ज्युनियर हॉकीच्या वरच्या संघांत जानेवारी ते मार्चमध्यें जन्मलेल्या मुलांचा भरणा फार, आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्यांची संख्या अगदींच तुटपुंजी. ग्रहांचा त्यांत कांहीं संबंध नव्हता. तेथें वयोगटाची रेषा १ जानेवारीस पडते. म्हणजे जानेवारींतला मुलगा आणि डिसेंबरांतला मुलगा एकाच गटांत खेळतात, पण त्यांमध्यें जवळजवळ एक वर्षाचें अंतर असतें. दहाव्या वर्षीं एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा. थोरला मुलगा उंच, दणकट, त्याला निवडतात, निवडल्यामुळें त्याला चांगला गुरु आणि अधिक सामने मिळतात, आणि मग तो खरोखरच सरस होतो. म्हणजे जन्ममहिन्याच्या योगायोगाला लोक गुण समजले, आणि समजल्यामुळें तो गुण झाला.

भारतीय क्रिकेटमध्यें वयोगटाची रेषा १ सप्टेंबर ही धरतात. तेव्हां सप्टेंबरांत जन्मलेला मुलगा गटांतला सर्वांत थोरला आणि ऑगस्टांतला सर्वांत धाकटा. त्यांत आपल्या खेड्यांची एक जुनी अडचण आहे. शाळेंत नांव घालतांना जन्मतारीख ठाऊक नसली, म्हणजे गुरुजी सरसकट १ जून लिहून मोकळे होत. अशी कागदावरची वयें आणि हाडांची वयें जुळेनात, म्हणून क्रिकेट नियामक मंडळ सोळा वर्षांखालील मुलांच्या डाव्या मनगटाचें क्ष-किरण छायाचित्र घेऊन हाडांच्या वाढीवरून वय ठरवूं लागलें. या उपायानें लबाडीस बराच आळा बसला. परंतु हाडांचें वय पाहण्याचा खरा उपयोग लबाडी पकडण्यापुरता नाहीं. मुलग्यांची उंची सामान्यतः तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास झपाट्यानें वाढते. पण कोणाची बाराव्या वर्षींच वाढते आणि कोणाची पंधराव्या-सोळाव्या वर्षीं. जो आधीं वाढला, तो तेराव्या वर्षीं बाकीच्या मुलांत बाप्यासारखा दिसतो. त्याचा चेंडू वेगानें जातो, त्याचा फटका सीमेपार जातो. तीन वर्षांनीं बाकीचे त्याच्या बरोबरीस येतात, आणि मग ज्यानें तोंपर्यंत केवळ ताकदीवर भागविलें, त्याच्याजवळ दुसरें कांहीं शिल्लक राहत नाहीं. म्हणून जाणता पारखी बापाची उंची विचारतो, आईची विचारतो. दोहोंची बेरीज करून त्यांत तेरा सेंटिमीटर मिळवितो आणि अर्धें करतो. मुलगा साधारण किती उंच होईल याचा एक ढोबळ अंदाज त्यावरून येतो. तो आंकडा मुलानें आधींच गांठला असेल, तर त्याचें आजचें बळ हें उसनवार घेतलेलें आहे, असें समजावें. उलट बारक्या अंगाचा, नुकतीच मिसरूडहि न फुटलेला मुलगा जर थोराडांच्या गोलंदाजीवर टिकून राहत असेल, तर त्याच्या वीस धांवांकडे दुसऱ्याच्या शतकाहून अधिक लक्षपूर्वक पाहावें.

आतां या साऱ्या नियमांना वांकुल्या दाखविणारें एक उदाहरण विदर्भांतच आहे. नागपूरजवळच्या वलनी येथील कोळशाच्या खाणींतील एका कामगाराचा मुलगा टेनिसच्या चेंडूनें खेळत वाढला. लेदरच्या चेंडूशीं त्याचा खराखुरा परिचय झाला तो विशी जवळ आल्यावर. पोलिसांत शिपाई होण्याचाहि त्यानें प्रयत्न करून पाहिला होता. म्हणजे ज्या वयांत पारखी आपल्या वह्या मिटतात, त्या वयांत याची पहिली नोंद झाली. तोच उमेश यादव. सन २००८ च्या नोव्हेंबरांत त्यानें विदर्भातर्फे रणजी सामन्यांत पाऊल ठेविलें, आणि बरोबर तीन वर्षांनीं दिल्लीस वेस्ट इंडीजविरुद्ध तो भारताकडून कसोटी खेळला. विदर्भाच्या संघांतून कसोटीपर्यंत गेलेला तो पहिलाच खेळाडू. सत्तावन्न कसोटींत त्यानें १७० बळी घेतले. त्याचे पाय पाळण्यांत कां दिसले नाहींत? कारण पाळणाच नव्हता. जेथें मैदान नाहीं, लेदरचा चेंडू नाहीं आणि पाहणाराहि नाहीं, तेथें 'या मुलांत कांहीं नाहीं' असें म्हणणें म्हणजे न नांगरलेल्या शेताची पैसेवारी शून्य लावण्यासारखें आहे.

परंतु यादवचें उदाहरण ऐकून जो बाप शेत विकावयास निघेल, त्यानें आणखी एक हिशेब ऐकावा. विदर्भाचे जिल्हे अकरा, आणि रणजी संघांत खेळणारे गडीहि अकरा. सर्वांना सारखा वाटा दिला, तरी वाशीम जिल्ह्याच्या वांट्यास एकच जागा येते. त्या जागेवर बाविसाव्या वर्षीं जो बसतो, तो चांगला असला तर दहा वर्षें उठत नाहीं. म्हणजे सबंध जिल्ह्यांतल्या दहा वर्षांच्या पिकांतून एक मुलगा. आणि ही जागा आतां सोपीहि राहिलेली नाहीं. सन २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशा तीन हंगामांत विदर्भानें रणजी करंडक जिंकला आहे. अकोल्याच्या अथर्व तायडेसारखे मुलगे नागपूरबाहेरून येऊन या संघांत जागा मिळवितात, हें आशेचें लक्षण आहे. पण ती जागा आतां विजेत्यांच्या पंक्तींतली आहे.

मग अंदाज करूंच नये काय? करावा, पण पैसेवारीसारखा, तीन वेळां. पहिला नजरअंदाज तेराव्या वर्षीं. या वेळीं एवढेंच पाहावें कीं मुलास खेळाची गोडी कोणी सांगितल्यावांचून आहे कीं नाहीं. कोणी पाहत नसतांना तो भिंतीवर चेंडू मारीत बसतो काय? बाद झाल्यावर तो पंचावर रागावतो, कीं कोपऱ्यांत उभा राहून तोच फटका पुन्हा करून पाहतो? सांगितलेली चूक त्यानें पुढच्या आठवड्यांत सुधारली कीं पुढच्या वर्षीं? या वयांत लागणारा खर्च म्हणजे एक बरी बॅट, चार चेंडू आणि वाशीमपर्यंतचें एस. टी.चें तिकीट. घर हलविण्याचें कारण नाहीं.

दुसरा, सुधारित अंदाज सोळाव्या वर्षीं, दहावीची परीक्षा झाल्यावर. तोंपर्यंत उंचीचा झपाटा बहुधा ओसरलेला असतो आणि बाळसें कीं सूज हें कळूं लागतें. या वेळीं एकाच माणसाच्या मतावर विसंबूं नये. दोघां जाणत्यांस निरनिराळ्या दिवशीं, एकमेकांचें मत न सांगतां, मुलाचा खेळ दाखवावा. दोघांचीं मतें जुळलीं तर त्यास कांहीं किंमत आहे. शुल्क घेणाऱ्याचें मत हें तिसरें धरावें, पहिलें नव्हे. आणि मुलास त्याच्याहून वरचढ संघाविरुद्ध खेळवून पाहावें. कारण दुबळ्यांविरुद्ध काढलेल्या शतकापेक्षां बलवानांविरुद्ध काढलेल्या पंचविसांत भविष्याची बातमी अधिक असते.

तिसरा, अंतिम अंदाज एकोणिसाव्या-विसाव्या वर्षीं, आणि तो पारख्यांनीं नव्हे तर सामन्यांनीं द्यावयाचा असतो. तोंपर्यंत वही ठेवावी. प्रत्येक सामन्याची तारीख, समोरचा संघ, धांवा किंवा बळी, बाद होण्याची रीत, एवढ्या चार रकान्यांची वही. एक डाव खोटें बोलूं शकतो, दहाहि बोलूं शकतात. शंभर डावांची वही सहसा खोटें बोलत नाहीं. तिच्यावरून बापास कळेल, गुरूस कळेल, आणि मुख्य म्हणजे मुलास स्वतःला कळेल. दुसऱ्यानें 'तुझ्यांत दम नाहीं' असें सांगितलेलें आयुष्यभर सलतें. आपण आपल्या वहींत वाचलेलें सत्य मात्र पचतें.

या तिन्ही अंदाजांच्या काळांत शाळा सुटतां कामा नये, हें पथ्य सर्वांत मोठें. खेळांत गेलेला मुलगा खेळाडूच झाला पाहिजे असें नाहीं. तो पंच होईल, गुणलेखक होईल, शाळेंत व्यायामशिक्षक होईल, किंवा स्वतःला न मिळालेलें दुसऱ्यांच्या मुलांमुलींस मिळवून देणारा प्रशिक्षक होईल. पॅड बांधून ज्याची पाळी आली नाहीं, त्याच्या हातून सदतीस वर्षांनीं विश्वचषक उंचावणारा संघ घडला, हें उदाहरण महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर ताजें आहे. माघारी येण्याचा रस्ता उघडा असलेला मुलगाच निर्धास्तपणें पुढें धांवतो. ज्याच्या मागें विकलेलें शेत उभें असतें, त्याची बॅट प्रत्येक चेंडूस जड होते.

अनसिंगचा शेतकरी मृगांत पेरतो तेव्हां पीक येईलच असें कोणी त्यास लिहून देत नाहीं. तरी तो पेरतो. पण सगळें बियाणें एकाच दिवशीं, एकाच धुऱ्यांत टाकीत नाहीं. सोयाबीनच्या तासांमध्यें तुरीची ओळ ठेवितो. सोयाबीन गेलें तरी तूर हातीं लागावी, एवढा शहाणपणा त्याच्या बापजाद्यांनीं त्याला शिकविला आहे. पोटच्या मुलाच्या बाबतींत तेवढाच शहाणपणा ठेवला, तर पुरे आहे. खेळाची ओळ असूं द्यावी, विद्येचीहि असूं द्यावी. आणि पाळण्यांतले पाय कौतुकानें पाहून झाल्यावर, त्या पायांना चालावयास शिकण्याइतका अवकाश द्यावा.